१९१७ ची दिवाळी, प्लेगचा उंदीर आणि इंदूरचे झाडूवाले

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं, हे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पहिला नंबर २०१७ मध्ये आला. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९१७ च्या दिवाळीत, याच गावातून सफाईची एक मिरवणूक निघाली होती. तिच्यात हत्ती होते, तोफा होत्या, कापसाच्या गठ्ठ्यांच्या गाड्या होत्या, एक भलामोठा उंदीर होता आणि पांढरे कपडे घालून, फुलांनी सजून चाललेले गावचे झाडूवाले होते. नगररचना शिकणारे देशोदेशीचे विद्यार्थी ही गोष्ट वाचतात. इंदुरात मात्र ती माहीत असलेले लोक मला फार भेटत नाहीत.

मिरवणूक गमतीची होतीच. पण मला तिच्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. गाव लहान, तिजोरी बेताची, आणि संकट मात्र मोठ्या शहराला पुरून उरेल असं. अशा वेळी गावाने करायचं काय? या लेखात त्या प्रश्नाला इंदूरने दिलेलं उत्तर बघू. ते कुठे लागू पडलं आणि कुठे तोकडं ठरलं, तेही बघू.

कसबा एकदम राजधानी झाला

इंदूर मुळात खान आणि सरस्वती या दोन छोट्या नद्यांच्या संगमावरचा कसबा. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. म्हणजे गाव आधी वाढलं आणि मग राजधानी झाली असं नाही. राजधानी आधी आली आणि गाव तिच्यामागे धावत राहिलं. राजवाड्याभोवती सराफा, बोहरा बाजार, मल्हारगंज, तोफखाना अशा वस्त्या दाटत गेल्या. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि खांडव्याहून रूळ इंदूरपर्यंत आले. कापसाची गिरणी आली, सियागंजात धान्याची पोती आली. १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८६ हजारांच्या वर होती.

नगरपालिका १८७० सालची, म्हणजे तशी जुनीच. पण ती चालणार कशावर? लहान गावाच्या सेवांची अडचण इथेच असते. गटार, नळ, दवाखाना यांचा एक किमान खर्च असतो. लाख वस्तीला जेवढी यंत्रं, नळ आणि जाणकार माणसं लागतात, त्याच्या निम्म्याने पन्नास हजार वस्तीचं भागत नाही, बरीचशी तेवढीच लागतात. कर देणारे मात्र निम्मेच. आणि संकट रोज येत नसल्यामुळे त्याच्यासाठी राखून ठेवलेला पैसा दरबारातल्या प्रत्येकाला फुकट पडलेला दिसतो.

इंदुरात यात आणखी एक भर होती, एका गावात दोन कारभारांची. नदीच्या या बाजूला होळकरांचं शहर, पलीकडे रेसिडेन्सीचा इलाखा, आणि वीसेक किलोमीटरवर महूची छावणी. रेसिडेन्सीत धर्मादाय इस्पितळ होतं. १८७८ पासून तिथे वैद्यकीय शाळाही सुरू झाली. आजच्या एमजीएम मेडिकल कॉलेजची मुळं तिथपर्यंत जातात. तिथले डॉक्टर कीगन कापलेली नाकं पुन्हा बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले होते. तेव्हा इंदुरात वैद्यकी नव्हती असं कुणी समजू नये. पण उंदीर आणि पिसवा हद्द बघत नाहीत, कारभार मात्र हद्द बघूनच चालतो.

प्लेगला इस्पितळ का पुरत नव्हतं

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर, देशभर पसरला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसं त्यात गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंदूरनेही त्याचे हंगाम भोगले. प्लेग आला की लोक घराला कुलूप घालून शेतात, मळ्यात झोपड्या बांधून राहायचे. दुकानं बंद, बाजार बंद, मजुरी बंद.

तेव्हा प्लेगवर औषध नव्हतं, हे आज आपल्या लक्षात राहत नाही. हाफकिनची लस १८९७ पासून होती, पण ती आधी टोचून घ्यावी लागे आणि लोक बिचकत. गाठ आल्यावर खात्रीने बरं करणारी औषधं आली ती १९४० च्या दशकात. म्हणजे १९१७ साली उत्तम इस्पितळ असलं तरी त्याच्या हाती फारसं काही नव्हतं. खरी लढाई घरात होती. मातीच्या भिंतीतली बिळं, कोंदट धान्यकोठी, अंगणातला वर्षानुवर्षांचा कचरा, तिथे उंदीर वाढतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. पिसवेचा हा धागा पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडला होता, आणि पुढे सरकारी प्लेग मंडळाच्या प्रयोगांनी तो पक्का केला.

अडचण अशी की लोकांच्या घरात शिरल्याशिवाय हे काम होत नाही. आणि घरात कसं शिरू नये, याचा धडा मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. १८९७ साली पुण्यात रँडने गोऱ्या सोजिरांकरवी घरं तपासली, सामान बाहेर काढलं, माणसं उचलून छावणीत नेली. देवघर आणि स्वयंपाकघरसुद्धा सोडलं नाही. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपल्याला माहीत आहे. आपण तो क्रांतिकारकांचा इतिहास म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण नगरसेवेचा इतिहास म्हणूनही तो वाचावा असं मला वाटतं. लोकांच्या मनाविरुद्ध दिलेली सेवा, ती शास्त्राच्या दृष्टीने कितीही बरोबर असो, चालत नाही. लोक आजारी माणूस लपवतात, मेलेला उंदीर लपवतात.

प्लेग आणणारा साहेब

तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश माणसाला बोलावलं. गेडीसचा जन्म १८५४ चा, मूळ विषय वनस्पतिशास्त्र. डंडीला तो प्राध्यापक होता आणि शहरांचा अभ्यास करता करता नगररचनाकार झाला. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचं शहरांवरचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होतं. ते जहाज 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. त्याने पुन्हा नकाशे आणि चित्रं जमवून मद्रासला प्रदर्शन भरवलं, आणि मग ठाणे, बडोदा, लखनौ अशी गावं पायी फिरत अहवाल लिहीत राहिला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच शिफारशीने विलायतेत शिकायला गेले.

इंदुरात गेडीसने काय केलं, तर चालला. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळातून दिवसचे दिवस हिंडला. कुठलं घर पडकं, कुठली विहीर बुजली, कुठे पाणी साचतं, कुठे झाड आहे, हे टिपत गेला. हा साहेब पडक्या घरांसमोर उभा राहून नकाशावर खुणा करतो, हे बघून लोक घाबरले. आपल्याकडे बघून लोक कुजबुजतात, हे त्याच्या लक्षात आलं. विचारलं तर कळलं की प्लेग आणणारा साहेब तो हाच, असं लोक म्हणतायत. पुण्याची आठवण सगळीकडे पोचली होती, दुसरं काय!

यावर गेडीसने दरबाराकडे जे मागितलं ते ऐकून कारभारी चक्रावले असणार. मला एका दिवसापुरता महाराजा करा, असं तो म्हणाला. आणि त्याला तसा अधिकार मिळाला.

मिरवणूक

पुढचा सगळा तपशील गेडीसने स्वतः सांगितलेला आहे. त्याची चाहती अमेलिया डिफ्रीस हिने १९२७ मध्ये त्याच्यावरच्या पुस्तकात तो छापला.

त्याने आधी दवंडी पिटवली. यंदा दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघणार आहे. ती हिंदूंच्या नेहमीच्या वाटेने जाणार नाही आणि मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेनेही नाही. ज्या रस्त्यावरची घरं जास्तीत जास्त झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील त्या रस्त्याने ती जाईल. घरातला कचरा बाहेर काढून ठेवा, संस्थानच्या गाड्या फुकट घेऊन जातील.

यातली मेख बघा. दिवाळीच्या आधी आपण घर झाडतोच. भिंतींना चुना लावतो, बिळं बुजवतो, अडगळ काढतो. गेडीसने लोकांना नवं काहीच करायला सांगितलं नाही. जे करतातच ते सगळ्यांनी एकाच वेळी आणि चुरशीने करावं एवढीच तजवीज केली. गल्ली विरुद्ध गल्ली, मोहल्ला विरुद्ध मोहल्ला! त्याच्या सांगण्यानुसार घराघरातून आणि अंगणांतून सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला. उंदीर हजारोंनी पकडले गेले.

मिरवणुकीत आधी संस्थानचा थाट होता: घोडे, उंट, हत्ती, फौज. मग शेतीचं वैभव आणि कापूस. त्यानंतर वाद्यं एकदम उदास झाली आणि गावाचे शत्रू आले. घाणीचा राक्षस, रावणासारखा उंच. आणि त्याच्याबरोबर प्लेगचा प्रचंड उंदीर, अंगावर थरथरणाऱ्या पिसवा लावलेला. मग थोडी मोकळी जागा, आणि पुन्हा आनंदाची वाद्यं. त्या वाद्यांबरोबर आले झाडूवाले. पांढरेशुभ्र कपडे, फुलांच्या माळा, झाडूही सजवलेले, कचऱ्याच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या. त्यांच्यामागून एका रथावर नवी देवी, इंदूरनगरी. तिच्या निशाणावर शहराचा नकाशा. शेवटी फळाफुलांच्या गाड्या आणि घरोघर वाटण्यासाठी तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर दोन्ही जाळले, दारूकाम झालं.

तुळस कशासाठी? ज्या घरापुढे तुळस येते ते अंगण रोज झाडलं जातं, सारवलं जातं. नगरपालिकेचा एकही निरीक्षक न नेमता अंगणाची रोजची तपासणी सुरू झाली! आपल्या आज्या हे काही आरोग्याचा नियम म्हणून करत नव्हत्या, पण आरोग्य त्यात होतं.

अहवालातलं खरं भांडण

मिरवणूक एका दिवसाची. १९१८ मध्ये गेडीसने दरबाराला दोन भागांचा अहवाल दिला, तो वर्षानुवर्षांच्या कामाचा होता. त्यातलं भांडण पैशाचं होतं.

त्या काळी मोठ्या शहरांची रीत अशी: दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा, आड येतील ती घरं पाडायची, खालून गटार न्यायचं आणि मैला पाण्याने वाहून नदीत सोडायचा. गेडीसचं म्हणणं होतं की इंदूरसारख्या गावाला ही रीत परवडणारी नाही, आणि परवडली तरी चालणारी नाही. घरं पाडली की गरीब माणूस दुसऱ्या गल्लीत दाटी करतो, म्हणजे रोग हलतो, जात नाही. त्याऐवजी अगदी पडकं असेल तेवढंच काढा. तिथे लहानसा चौक होऊ द्या, एखादं झाड लावा, कोपरा रुंद करा. याला तो राखून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा. खर्च थोडा, आणि लोक गावातच राहतात.

गटाराबद्दल त्याचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. मैला वाहून न्यायला पाणी लागतं. इंदूर माळव्याच्या पठारावर, नद्यांच्या उगमाजवळ वसलेलं. खान पुढे क्षिप्रेला मिळते, पण इंदुरात ती लहानच आहे, आणि उन्हाळ्यात तर ओहोळ होते. प्यायला पुरत नाही ते पाणी गटारात कुठून घालणार? आणि घातलं तरी त्या आटलेल्या नदीत घाण साचून राहणार. म्हणून त्याने सांगितलं की मैला आणि सांडपाणी नदीकडे न नेता बागेकडे न्या. तसंच नळ आले म्हणून विहिरी बुजवू नका, त्या उपसून नीट ठेवा. नळ बंद पडला तर गावाची राखीव शिदोरी तीच.

बागेकडे नेलेला मैला

हा विचार कागदावर राहिला असं सरसकट म्हणता येणार नाही, कारण पुढच्याच दशकात इंदुरात त्याला एक शास्त्रीय जोड मिळाली. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इथे आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर वनस्पती संशोधनाची संस्था उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय तेच. तिथे हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी तीनदा उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आपल्या गावाचं नाव परदेशातल्या शेतकऱ्याला कशामुळे माहीत असेल तर पोह्यांमुळे नव्हे, या खतामुळे!

पुढचं पाऊल आपल्या विषयाशी थेट जुळतं. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत गावाच्या मैल्याला आणि कचऱ्याला लावून दाखवली. कचऱ्याचा थर, मैल्याचा थर, पुन्हा कचरा. आत जी उष्णता तयार होते तिने माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू मरतात, आणि हाती खत येतं. यंत्र नको, पाइप नको. ज्या गावाला भुयारी गटार परवडत नाही त्याच्यासाठी ही सेवा होती. देवगुराडियाला २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या मागची कल्पना म्हणूनच मला परकी वाटत नाही. तंत्र वेगळं, पण घाण ही टाकायची वस्तू नाही हा विचार तोच.

जिथे हे उत्तर तोकडं पडलं

आता दुसरी बाजू. गेडीस आणि त्याचे चाहते सांगतात की मिरवणुकीनंतर प्लेग गेला. एवढं श्रेय मी देणार नाही. प्लेगचे हंगाम येत आणि ओसरत. त्या सुमारास देशभरच प्लेगचा जोर उतरणीला लागला होता. आणि १९१८ च्या शेवटी इन्फ्लुएंझा आला तेव्हा अंगण झाडून काही उपयोग नव्हता, तो श्वासातून पसरत होता. घराच्या सफाईचा उपाय घराशी बांधलेल्या रोगापुरताच होता.

पाण्याचंही तसंच. विहिरी जपा हा सल्ला बरोबर होता, पण १९३१ पर्यंत वस्ती १ लाख २७ हजारांच्या घरात गेली आणि १९५१ ला तीन लाखांवर. सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली हे तलाव आणि मग १९३० च्या दशकाअखेरचं गंभीर नदीवरचं यशवंतसागर, सगळं कमी पडत गेलं. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले, आणि १९७८ मध्ये सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून नर्मदा इंदुरात आली. हे काम मोहल्ल्याच्या चुरशीने होणारं नव्हतं. त्याला सरकारच लागतं. पण गंमत अशी की नर्मदा आली आणि आपण बावड्या विसरलो. राखीव शिदोरी ठेवा हा सल्ला तेव्हाच जास्त लागू होता.

सगळ्यात मोठी उणीव मात्र मला मिरवणुकीच्याच आत दिसते. त्या दिवशी झाडूवाल्यांना फुलं मिळाली, आणि ज्या रस्त्यांवर त्यांच्या सावलीचा विटाळ मानत त्याच रस्त्यांवर त्यांचा सन्मान झाला. ही लहान गोष्ट नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैल्याची टोपली पुन्हा त्याच डोक्यावर, त्याच जातीच्या डोक्यावर होती. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा देशात आला १९९३ मध्ये, आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये. खत करण्याची पद्धत कितीही हुशारीची असली तरी ते थर कुणाच्या हातांनी घातले जायचे, हा प्रश्न त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या लिखाणात मागेच राहतो.

म्हणून या सगळ्यातून मी जे घेतो ते असं. लहान गावात आपत्कालीन सेवा म्हणून वेगळं, राखून ठेवलेलं असं फारसं काही नसतं. रोजची सफाई, रोजची विहीर, रोजचा गाडीवान आणि झाडूवाला हीच संकटाच्या दिवशीची फौज. ती रोज नीट असेल तर प्लेगच्या दिवशी उभी राहते, नाहीतर एका दिवसाचा महाराजा आणूनही उभी राहत नाही. गेडीसला हे कळलं होतं, म्हणूनच त्याने देवीच्या रथापुढे झाडूवाल्यांना चालवलं. त्यांची जागा तिथे कायम ठेवणं हे दरबाराचं आणि गावाचं काम होतं.

जुन्या इंदुरात कधी फिरायला निघालात तर राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बघालच. सोबत बोळांमधले अचानक लागणारे छोटे चौक, मधलं एखादं झाड, झाकलेली विहीर हेही बघा. आणि पहाटे निघालात तर गाडी घेऊन आलेल्या माणसाला नमस्कार करा. गावाचा खरा इतिहास सहा वाजता त्याच्यापासूनच सुरू होतो.